एकर-गुंठ्याची तारीख का होते? सभासद यादी जेसनमध्ये नेताना

निपाणीकडच्या एकांनी विचारलंय की गावच्या सोसायटीची सभासद यादी एक्सेलमध्ये आहे, तीनेक हजार ओळी, आता नवीन सॉफ्टवेअरवाला जेसन फाईल (सॉफ्टवेअरला वाचायला सोपी अशी मजकुराची फाईल) मागतोय म्हणून यांनी सीएसव्ही करून नेटवरच्या एका फुकट कन्व्हर्टरमध्ये टाकली, तर काही नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली, खाते नंबरांपुढची शून्यं उडाली आणि जमिनीच्या रकान्यात चक्क तारखा येऊन बसल्या. शेवटी प्रश्न असा की चांगला कन्व्हर्टर कुठला.

कन्व्हर्टर बदलून काही होणार नाही ओ. त्या बिचाऱ्यानं तुम्ही दिलं ते इमानदारीनं जेसन केलं असणार. तुमची नासाडी त्याच्या आधीच झाली, एक्सेलमधनं "सेव्ह ॲज सीएसव्ही" केलं तिथंच, आणि थोडी तर त्याच्याही आधी, क्लार्कनं सेलमध्ये आकडा टाईप करून एंटर मारला त्या क्षणी. मी बेळगावात वीसेक वर्षं हेच काम करतोय, पतसंस्था, सौहार्द, दूध डेअरी, ऊसवाले, सगळ्यांचा जुना डेटा नव्यात घालून देणे, आणि शंभरातल्या नव्वद वेळा भानगड फाईलच्या प्रकारात नसते, रकान्याचा अर्थ कुणी ठरवलेला नसतो त्यात असते. म्हणून कन्व्हर्टरचं नाव सांगण्याआधी तो अर्थ कसा ठरवायचा ते सांगतो, थोडं लांबेल.

आधी एवढं मान्य करतो की काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. हे काम एकदाच करायचंय की दर महिन्याला? एकदाच असेल तर हातानं रकाने साफ करून लिब्रेऑफिसवर (एक्सेलसारखंच फुकट सॉफ्टवेअर) भागतं, दर महिन्याला असेल तर चाळीस-पन्नास ओळींची पायथन स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहून घ्या, नाहीतर दर महिन्याला नवीन चूक. दुसरं, मूळ एक्सेल फाईल जशीच्या तशी शाबूत आहे की तिच्यावरच सेव्ह करून बसलात? तिसरं, कागदी रजिस्टर आहे काय? असेल तर माझा निम्मा घोर कमी. आणि चौथं, समोरच्या सॉफ्टवेअरवाल्याकडनं दोन काल्पनिक सभासदांची नमुना जेसन फाईल मागून घ्या, "जेसन द्या" एवढ्यावर काम सुरू करू नका, कारण जेसन म्हणजे नुसता डबा आहे, त्यात कुठले कप्पे पाहिजेत ते त्यालाच माहीत.

आता मूळ गोष्ट. सीएसव्ही म्हणजे साधा मजकूर, स्वल्पविरामांनी तोडलेला. त्यात "हा आकडा", "ही तारीख", "हा नुसता नंबर, याची बेरीज करू नका" असं लिहायला जागाच नाही. त्याचे नियमसुद्धा कितीतरी वर्षं लोक वापरत असताना २००५ साली आरएफसी ४१८० नावाच्या कागदात लिहून काढले गेले, आणि तेही कोट (अवतरणचिन्ह) कुठं लावायचा, ओळ कुठं संपते एवढ्यापुरतेच. जेसनमध्ये थोडी सोय आहे, आकडा वेगळा, मजकूर वेगळा, खरं-खोटं वेगळं, रिकामं वेगळं, पण तारीख हा प्रकार जेसनमध्येही नाही. एक्सेलचं बरोबर उलटं, तिथं प्रत्येक सेलला प्रकार असतो आणि तो प्रकार एक्सेल स्वतःच अंदाजानं ठरवतं. म्हणजे एका टोकाला जास्त शहाणा माणूस, मधे काहीच न बोलणारा, आणि पलीकडे अर्धवट बोलणारा. यातनं निरोप पोचवायचा तर निरोप काय आहे ते तुम्हालाच पक्कं माहीत पाहिजे.

जमिनीचं बघा, कारण हे आपल्याच भागाचं दुखणं आहे. कर्नाटकच्या पहाणीवर, म्हणजे तिथल्या जमिनीच्या उताऱ्यावर, क्षेत्र एकर-गुंठ्यात असतं, म्हणून क्लार्क सवयीनं पाच एकर बारा गुंठे "५-१२" लिहितो. एक्सेलला एकर माहीत नाही, गुंठा माहीत नाही, त्याला वाटतं पाच डिसेंबर. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर बारा मे. "२-३५" लिहिलं तर फेब्रुवारी १९३५. पण "१४-२०" लिहिलं तर ते सुखरूप राहतं, कारण चौदावा महिना नाही आणि विसावाही नाही, म्हणजे मोठ्या बागायतदाराची जमीन जागेवर आणि एक-दोन एकरवाल्याची कॅलेंडरात गेली. आणि सातबारा हा शब्दच आकड्यात टाईप करून बघा की एकदा, ७/१२, सात डिसेंबर होतो. गट नंबर, सर्व्हे नंबरांचंही तेच, १२/३ म्हणजे बारा मार्च.

काही जण म्हणतात मग डॅश नको, टिंब देऊ, "२.२०". हे त्याहून वाईट, कारण चूक दिसतच नाही. २.२० चं एक्सेल २.२ करतं, आणि आता हे दोन एकर वीस गुंठे की दोन एकर दोन गुंठे, सांगा बघू. बेरीज तर विचारूच नका. एक एकर पंचवीस गुंठे अधिक एक एकर पंचवीस गुंठे म्हणजे तीन एकर दहा गुंठे, कारण चाळीस गुंठ्यांचा एकर, पण एक्सेल १.२५ आणि १.२५ मिळवून अडीच सांगतं, आणि तेही दशांशात, म्हणजे दोन एकर वीस गुंठे समजायचे की काय ते देव जाणे. त्यात निपाणी भागात बऱ्याच जणांची शेती कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीच्या दोन्ही बाजूंना, अलीकडची पहाणी एकर-गुंठ्यात आणि कागलकडचा सातबारा हेक्टर-आरमध्ये, आणि तिथलं ०.८१ हे मात्र खरोखरचं दशांश असतं, एक्क्याऐंशी आर, साधारण दोन एकर. एकाच रकान्यात दोन्ही मापं टिंब देऊन लिहिलेली यादी मी स्वतः बघितलीय.

म्हणून माझ्याकडे नियम आहे: जेसनमध्ये क्षेत्र एका आकड्यात द्यायचंच नाही. एकर हा एक पूर्णांक, गुंठे हा दुसरा पूर्णांक, आणि तिसरं मूळ कागदावरचं माप जसंच्या तसं मजकूर म्हणून. समोरचा हटूनच बसला की एकच आकडा पाहिजे, तर सगळं गुंठ्यात करून द्या, अडीच एकर म्हणजे १०० गुंठे, टिंबाची भानगडच नको. हेक्टर असेल तर वेगळ्या नावानं वेगळा कप्पा. आणि गुंठे चाळीस किंवा जास्त दिसले तर ती ओळ बाजूला काढायची, कारण एकतर ते आर आहेत नाहीतर टायपिंगची चूक आहे.

आता ज्यांची तारीख झालीच आहे ते परत आणता येईल काय? बरंचसं येतं. ५ डिसेंबर दिसतंय आणि तो कॉम्प्युटर भारतीय सेटिंगचा होता हे माहीत असेल तर दिवस म्हणजे एकर, महिना म्हणजे गुंठे. फेब्रुवारी १९३५ असेल तर महिना एकर आणि सालाचे शेवटचे दोन आकडे गुंठे. पण एकाच फाईलवर दोन कॉम्प्युटरवरून काम झालं असेल तर ५-१२ की १२-५ हे कागदाशिवाय कुणीही सांगू शकत नाही, मीही नाही. अशा ओळींची यादी प्रिंट काढून सेक्रेटरींपुढं ठेवायची, ते चहा पिता पिता तोंडपाठ सांगतात कुणाची किती जमीन ते.

हे काही आपल्याच गावात होतं असं नाही. एक्सेल जनुकांच्या नावांच्या तारखा करतंय म्हणून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावं बदलली, मार्च-१ चं मार्चएफ-१ केलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण मोजणीतनं सुटले, कारण डेटा जुन्या एक्सएलएस फाईलमध्ये घातला जात होता आणि तिच्यात ६५,५३६ ओळींच्या पुढं काही मावत नाही. नव्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६ मावतात. तुमच्या तीन हजारांना यातलं काही लागू नाही, पण जिल्ह्याची यादी करायला घेतली तर लक्षात असू दे.

खाते नंबर, मोबाईल, आधार, पिन, सभासद क्रमांक हे सगळे दिसायला आकडे, पण यांची कुणी बेरीज करत नाही. ज्याची बेरीज करायची नाही तो मजकूर, संपला विषय. आकडा समजला की पुढचं शून्य जातं (बेळगावचा एसटीडी कोड ०८३१ चा ८३१ होतो), आणि एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंतच अचूक धरतं, सोळावा आकडा शून्य होऊन जातो. म्हणजे सोळा-सतरा आकडी बँक खातं असेल तर शेवटचे आकडे गेले, ते कुठल्याही युक्तीनं परत येत नाहीत. आधार बारा आकडी, तो आत शाबूत असतो पण रकाना सरळ ठेवला तर १.२३ई+११ असं काहीतरी दिसतं आणि गंमत अशी की सीएसव्ही करताना एक्सेल जे दिसतंय तेच लिहितं, म्हणजे आत असलेला चांगला आकडा टाकून दिसणारा अर्धवट आकडा फाईलमध्ये जातो. याला उपाय म्हणजे सीएसव्ही करायच्या आधी रकान्याचं फॉरमॅट दशांशाशिवायच्या आकड्यात आणा, आकडे पूर्ण दिसले की मगच पुढं. जेसनमध्येसुद्धा हे अवतरणचिन्हांतच ठेवा, कारण समोरचं सॉफ्टवेअर जावास्क्रिप्टचं असेल तर ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक त्यालाही नीट धरता येत नाहीत. आयएफएससीत पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं, तिथं लोक इंग्रजी ओ टाकतात, तेवढं जाता जाता तपासून घ्या.

जन्मतारखांची माझी एक परीक्षा आहे. आपल्याकडे जुन्या माणसांच्यात निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला, शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेला. तर रकान्यात एक जून किती जण आहेत ते मोजायचं. एक जून कमी आणि सहा जानेवारी ढिगानं दिसले की समजायचं दिवस-महिना उलटा झालाय. यातला डाव असा की अमेरिकन सेटिंगच्या कॉम्प्युटरवर २५/०८/१९६७ लिहिलं तर पंचविसावा महिना नसल्यानं तो मजकूर म्हणून डावीकडे चिकटून राहतो, आणि ०५/०८/१९६७ मात्र निमूटपणे आठ मे होऊन उजवीकडे सरकतो. लोक डावीकडच्यांना चुकीचं समजून दुरुस्त करत बसतात, खरे चुकलेले उजवीकडचे असतात. आणि साल दोनच आकडी लिहिलं असेल तर ०० ते २९ चं एक्सेल २००० च्या पुढचं धरतं, म्हणजे २८ साली जन्मलेले आजोबा २०२८ मध्ये जन्माला यायचे आहेत. जेसनमध्ये तारीख एकाच पद्धतीनं द्या, आधी साल चार आकडी, मग महिना, मग दिवस, मधे डॅश. ह्यावर वाद होत नाहीत.

आता मराठी अक्षरांकडे येऊ. "नावं बिघडली" म्हणून लोक एकच ओरड करतात, पण बिघाडाचे प्रकार वेगळे आणि औषधंही वेगळी. प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मजकूर मेला, साध्या सीएसव्हीत देवनागरीला जागाच नसते म्हणून एक्सेलनं प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहून टाकलं, आता मूळ फाईलकडेच जायला पाहिजे. तुमचं हेच झालंय. सेव्ह करताना यादीत "सीएसव्ही यूटीएफ-८" असा वेगळा पर्याय असतो, तो निवडायचा. चौकोन दिसत असतील तर काही झालेलं नाही, त्या मशीनवर फॉन्ट नाही एवढंच. तिसरा प्रकार म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेले इंग्रजी ए आणि मधे मधे चलनाची चिन्हं, हे बघून लोक घाबरून फाईल उडवतात, अहो उडवू नका, मजकूर पूर्ण जिवंत आहे, फक्त वाचणाऱ्यानं चुकीचा चष्मा घातलाय. यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाईटचं असतं आणि ते तीन बाईट वेगवेगळी अक्षरं समजून दाखवले की असं दिसतं. यातही एक खूण आहे, त्या ए नंतर चलनाचं चिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह असेल तर मूळ मजकूर मराठी आहे, आणि वर चढवलेला छोटा दोन किंवा तीन असेल तर तो कानडी आहे. आपल्याकडच्या मिसळ याद्यांत हे फार कामाला येतं.

चौथा प्रकार जेसनमध्येच दिसतो. नावाच्या जागी उलटी तिरकी रेघ, यू आणि चार आकडे-अक्षरं, अशी माळच्या माळ. हे बिघडलेलं नाही, जेसनमध्ये अक्षर असंही लिहायची परवानगी आहे, वाचणारं सॉफ्टवेअर त्याचं बरोबर मराठी करतं. पायथनमध्ये "एन्शुअर आस्की" हे सेटिंग बंद केलं की सरळ मराठी दिसतं. आणि फाईलच्या सुरुवातीला बॉम नावाची तीन अदृश्य बाईटं असतात, डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडायची सीएसव्ही असेल तर ती पाहिजेत, प्रोग्रामला द्यायची फाईल असेल तर नकोत. पहिला रकानाच सॉफ्टवेअरला सापडत नाही अशी तक्रार आली की निम्म्या वेळा कारण ही बाईटं. त्यांच्यामुळं एकदा मी अख्खी दुपार घालवलीय, जेवणसुद्धा राहिलं.

हे सगळं मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र नंबर देणाऱ्या पद्धतीत, असेल तर. तुमच्या यादीत "काही" नावांची प्रश्नचिन्हं झाली आणि काहींची नाही असं तुम्ही लिहिलंय, त्यावरनं मला शंका येते की उरलेली नावं जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली असणार, श्रीलिपी म्हणा, कानडी असेल तर जुनं नुडी म्हणा. या फॉन्टांत आत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा वेष घालतो. तपासायला सोपं आहे, सेल निवडून फॉन्ट एरियल करा, नाव मराठीच राहिलं तर युनिकोड, इंग्रजीतला कचरा दिसला तर जुना फॉन्ट. अशा रकान्याला त्याच फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर लावायचा आणि तो जेसनच्या आधी लावायचा, नंतर लावलात तर तो कप्प्यांच्या इंग्रजी नावांचंसुद्धा मराठी करून ठेवतो.

याच्याही मागं जायचं म्हटलं तर डॉसच्या काळातल्या डीबीएफ फाईली, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्राममधल्या. २००८-०९ च्या सुमारास एका संस्थेचं असं काम माझ्याकडे आलं होतं, डेटा इस्कीमध्ये, जिस्ट कार्डावर (कॉम्प्युटरला भारतीय लिप्या दाखवायला लावणारं कार्ड) केलेला. इस्की म्हणजे सगळ्या भारतीय लिप्यांना एकच कोड, त्यात क चा कोड १७९, मग तो क देवनागरी दाखवायचा की कानडी हे वरनं ठरवायचं. म्हणजे तीच फाईल बटण दाबलं की कानडीत आणि परत दाबलं की मराठीत, त्या काळी लोकांना ही जादू वाटायची. मी आपला सरळ देवनागरीत करून दिला, चार दिवसांनी फोन, नावं विचित्र दिसतायत. बघितलं तर काही "पाटील" च्या शेवटच्या ल चा पाय मोडलेला, आणि काही नावांत ए ची मात्रा भलत्याच वळणाची, आपल्या कीबोर्डवर नसलेली. मग उलगडा झाला की दोन क्लार्क होते, एक मराठी पडद्यावर टाईप करायचा आणि दुसरा कानडी. कानडीत ऱ्हस्व ए वेगळा आहे, बेळगावी मधला ब चा ए ऱ्हस्व, मराठीत तो प्रकार नाही. मग त्याच खुणेवर मी ओळी वेगळ्या केल्या, ऱ्हस्व ए किंवा ऱ्हस्व ओ, नाहीतर शेवटी पाय मोडका, म्हणजे कानडी क्लार्कची ओळ. सगळ्या नाही सापडल्या, पण बऱ्याच सापडल्या.

युनिकोडनं अक्षरांचा तोच क्रम ठेवला पण लिप्यांना वेगळ्या खोल्या दिल्या, देवनागरी क २३२५ आणि कानडी क ३२२१, फरक बरोबर ८९६, आणि बहुतेक अक्षरांना हाच फरक. म्हणून कानडी रकान्यावरनं मराठी रकाना ८९६ वजा करून कच्चा तयार होतो. कच्चाच ओ, तसाच नेऊन पासबुकावर छापू नका.

मराठीची स्वतःचीही दोन छुपी दुखणी आहेत. "ऱ्या" हे जोडाक्षर दोन तऱ्हांनी टाईप होतं, एक खाली टिंबवाला ऱ घेऊन आणि दुसरं साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखी, कॉम्प्युटरला वेगळी. तसंच "ॲ" हे एकच अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ ला आलं, त्याआधीचे लोक अ वर चंद्र देऊन लिहायचे आणि अजूनही काही कीबोर्ड तसंच लिहितात. एकाच माणसाची दोन खाती दिसणं, शोधल्यावर नाव न सापडणं, हे यातनंच येतं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची सोय) या दोन्ही जोड्या एक करत नाही, हे काम "शोधा आणि बदला" नं तुम्हालाच करावं लागतं. गावाच्या नावांचाही मेळ घाला, जुन्या नोंदीत बेळगाव, २०१४ च्या १ नोव्हेंबरनंतरच्यात बेळगावी, निपाणीच्या गावांना जुना तालुका चिकोडी आणि नवा निपाणी. कुठलं चूक-बरोबर यात मी पडत नाही, तो वाद आपल्याकडे कुठं जातो माहीत आहेच, पण संगणकापुरतं एकच स्पेलिंग धरा आणि लोकांना दाखवायचं नाव वेगळ्या कप्प्यात ठेवा.

फाईलची रचना हा अजून एक मुद्दा. एक्सेलमध्ये एका सभासदाच्या तीन सर्व्हे नंबरांना तीन ओळी असतात, नाव पहिल्या ओळीत आणि खाली सेल मर्ज केलेले. जेसनमध्ये हे एकाच सभासदाच्या आत तीन जमिनींची यादी म्हणून गेलं पाहिजे. मर्ज काढलं की नाव फक्त पहिल्या ओळीत राहतं, खालच्या रिकाम्या, तिथं वरचं नाव आणि सभासद क्रमांक खाली भरत न्यायचा. पण तेवढेच दोन रकाने! एका पोरानं माझ्याकडे सगळेच रकाने खाली भरले आणि ज्यांचा मोबाईल नव्हता त्यांना शेजारच्याचा मोबाईल मिळाला, बिलाचे मेसेज भलत्याच घरी. आणि ओळी एकत्र करायच्या त्या सभासद क्रमांकावर, नावावर कधीच नाही, एका गावात मारुती पाटील किती असतात ते मी सांगायला नको. रिकामा सेल, शून्य आणि "निरंक" हे तीन वेगळे अर्थ आहेत, शेअर्स शून्य असणं आणि शेअर्सची नोंदच नसणं एक नव्हे, जेसनमध्ये दुसऱ्याला नल, म्हणजे तिथलं रिकामं, द्या.

प्रत्यक्ष मी काय करीन सांगतो. मूळ एक्सेलची प्रत काढून मूळ फाईल बाजूला ठेवून देईन, तिला हात नाही. प्रतीत मर्ज काढायचं, वर सांगितलेले रकाने दुरुस्त करायचे, यूटीएफ-८ सीएसव्ही करायची. ती परत बघायची झाली तर डबल क्लिक नाही, लिब्रेऑफिसमध्ये उघडायची, ते उघडतानाच विचारतं, तिथं यूटीएफ-८ निवडून सगळे रकाने एकदम सिलेक्ट करून "टेक्स्ट" करायचे. एक्सेलच पाहिजे असेल तर डेटा मेनूतनं "फ्रॉम टेक्स्ट" नं आणा आणि प्रकार ओळखू नको असं सांगा. मग पायथनमध्ये पांडास ही लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरत असाल तर सगळे रकाने स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणून वाचा आणि रिकाम्याचं आपोआप नॅन ("किंमत नाही" अशी खूण) करणं बंद ठेवा, नंतर ज्याची खरोखर बेरीज करायचीय, शेअर्सची रक्कम, एकर, गुंठे, तेवढ्यांनाच आकडा करा. आकडे देवनागरीत टाईप केलेले असले तरी पायथन त्यांचा पूर्णांक बरोबर करतं, जेसनमध्ये लिहिताना मात्र इंग्रजी आकडेच चालतात. पत्त्यात "मु. पो. कोगनोळी, ता. निपाणी" असा स्वल्पविराम असतोच, त्यामुळं सीएसव्ही स्वल्पविरामावर हातानं तोडू नका, लायब्ररीला तोडू द्या, तिला कोट कळतात. पुढंमागं हिशेबासाठी टॅलीला एक्सएमएल द्यायची वेळ आली तर "पाटील & सन्स" मधलं ते & चिन्ह जसंच्या तसं गेलं की फाईल उघडतच नाही, तेही लायब्ररीवरच सोडा.

आणि फुकट ऑनलाइन कन्व्हर्टरवर परत जाऊ नका. तीन हजार लोकांचे आधार, खातं, मोबाईल तुम्ही कुणाच्या मशीनवर टाकलेत? २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे तो आहेच, पण त्याआधी गावात तोंड दाखवायचंय की. करायचंच असेल तर काल्पनिक दोन ओळी टाकून बघा.

झाल्यावर तपासणी म्हणजे जेसन उघडून पहिली पाच नावं बघणं नव्हे. सभासद किती, जमिनीच्या नोंदी किती, शेअर्सची एकूण रक्कम किती, हे मूळ एक्सेलमधनं आधीच कागदावर लिहून ठेवा आणि नंतर जुळवा. प्रत्येक बँकेच्या खात्याची लांबी मोजा, एका बँकेत सहसा एकच लांबी असते, एखादं आखूड दिसलं की तिथं शून्य गेलंय. मग जेसनची परत सीएसव्ही करून पहिल्या सीएसव्हीशी ओळीनं ओळ ताडून बघा, फरक शून्य आला पाहिजे, नसेल तर जिथं फरक तिथंच चूक. शेवटी सर्वात लांब नाव, सर्वात जुनी जन्मतारीख आणि सर्वात जास्त सर्व्हे नंबर असलेला सभासद हे तीन डोळ्यानं बघा.

तुमची मूळ फाईल शाबूत असेल तर हे दोन दिवसांचं काम आहे, त्यातला दीड दिवस जमिनीच्या रकान्याला. वरची रकान्यांच्या नावांची ओळ आणि खोट्या नावांच्या दोन-तीन ओळी इथं टाका, एका ओळीत मुद्दाम पाच एकर बारा गुंठे ठेवा, आणि सॉफ्टवेअरवाल्याकडनं आलेला नमुनाही, मग कुठला रकाना कुठल्या कप्प्यात ते लिहून देतो. खरी नावं-नंबर टाकू नका तेवढं.